न म्हणायचे शब्द

१

"ती तिसऱ्या मजल्यावरची लगबग गेली म्हणे. बारा दिवस झाले. आणि घरच्यांना तर अजून—"

एवढंच मावशींच्या कानावर पडलं. जिन्याच्या वळणावर पहिल्या मजल्यावरची पार्लरवाली आणि तिची मैत्रीण उभ्या होत्या. मावशींच्या चपला वाजल्या तशी दोघींनी तोंडाला टाके घातले आणि पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

"कोण गेली गं?" मावशींनी पिशवी खाली ठेवत विचारलं.

"कोण? कुठं काय? आम्ही आपलं टाकीचं बोलत होतो."

मावशींचं टाळकंच सरकलं. तिसऱ्या मजल्यावर समोरच्या घरात काय घडतं ते आधी मावशींना कळायचं आणि मग बिल्डिंगला, हा बारा वर्षांचा शिरस्ता. त्यात नाक खुपसणं वगैरे काही नव्हतं. शिलाई मशीन उजेडासाठी दाराजवळ ठेवलेलं, आणि दार उघडं असलं की झिपा बदलायला, पडदे आखूड करायला येणाऱ्यांना बेल दाबावी लागत नाही. आता समोरचं दिसतं त्याला कोण काय करणार?

पण घरात येऊन बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की राग आला होता तो बायकांचा, आणि भीती वाटली होती ती वेगळ्याच गोष्टीची. 'लगबग गेली' हे ऐकल्यावर क्षणभर त्यांच्या मनात आलं होतं, कोण लगबग?

"अहो, समोरच्या सुनेला तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

काकांनी पेपरवरून डोळे वर केले. काका रिटायर्ड मीटर रीडर. जन्मभर लोकांच्या घरातले आकडे वाचून आता माणसांकडे बघायचा कंटाळा आलेले. "तुझं मशीन दाराशी, तुझे डोळे दाराबाहेर, आणि मला विचारतेस?"

"सरळ सांगता येत नाही का?"

"तुला माहीत नाही म्हणजे घडलंच नसणार. निश्चिंत राहा."

मावशींनी कपाळावर हात मारला आणि आठवायला लागल्या. गुरुवारी? नाही, गुरुवारी फक्त भांड्यांचा आवाज आला होता. रविवारी केरसुणीचा. आज सकाळीही समोर भांडी वाजली होतीच की. मग गेली ती कोण, आणि भांडी घासतंय ते कोण?

२

समोरच्या घरात माणसं तीन. आजोबा, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा, म्हणून सगळे त्याला चष्मेवाला म्हणायचे. सून पार्सल ऑफिसात कामाला. जिने दोन-दोन पायऱ्यांनी उतरणार, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने केस बांधणार, आणि जाता जाता मावशींच्या दोऱ्याचं सुटलेलं रीळ उचलून देणार. लगबग हे तिचं नाव आजोबांनी पाडलं. आजोबा बस स्टँडवर तीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारायचे. सून नवीन आली तेव्हा ती स्वयंपाकघरातून चहा घेऊन निघाली की ते कानाला हात लावून खणखणीत आवाजात म्हणायचे, "लगबग फलाट क्रमांक दोनवर येत आहे! प्रवाशांनी मागे सरकावं!" आणि जिन्यापर्यंत हसू ऐकू यायचं.

आठ महिन्यांपूर्वी आजोबांना झटका आला. हातपाय सावरले, पण शब्द सांडले. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून दोनदा येऊ लागल्या. त्या एकदा काहीतरी म्हणाल्या, की आजोबा एखाद्या शब्दावर अडले तर त्यांना टोचू नका, त्रास देऊ नका. घरच्यांनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. आजोबा ज्या शब्दावर अडतील तो शब्द घरात कोणी उच्चारायचाच नाही. आपण फडाफड म्हणायचं आणि त्यांनी बघत बसायचं, ही क्रूरता नको. म्हणून लगबगनं फडताळाच्या दारावर एक कागद चिकटवला आणि त्यावर एकेक शब्द लिहायला घेतला.

पहिला शब्द होता 'चमचा'.

मावशींना ते तेव्हाच पटलं नव्हतं, पण आजारी माणसाच्या घरात कोण वाद घालणार? शब्द नाही म्हटला म्हणून काही अडत नाही, असंच त्यांनाही वाटलं. एकदा त्या सूप घेऊन गेल्या होत्या. चष्मेवाल्याला म्हणाल्या, "ढवळायला काहीतरी दे रे." त्यानं खण उघडला. आत आठ-दहा चमचे चकचकत होते. तो खणात बघत उभा राहिला, बराच वेळ, आणि म्हणाला, "इथं तर काही नाही मावशी."

"डोळे आहेत की बटणं?" म्हणत मावशींनी हात घालून चमचा काढला. त्यानं त्यांच्या हाताकडे असं पाहिलं, जशी काही त्यांनी हवेतून वस्तू काढून दाखवली. मग खो-खो हसला. मावशीही हसल्या. घरी येऊन मात्र त्यांना तो खण आठवत राहिला. दमला असेल, म्हणाल्या. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बॅटऱ्या मारतो, दमणारच.

पुढं 'आरसा' गेला. चष्मेवाला दाढीला ठिकठिकाणी कापून घेऊन दुकानात जायला लागला. मग 'दार' गेलं, आणि मावशींच्या वैतागाला खरी सुरुवात झाली. बेल वाजवा, कडी वाजवा, आत खोकल्याचा आवाज, रेडिओचा आवाज, पण उघडायला कोणी उठायचं नाव नाही. चष्मेवाला बाहेर पडायचा तो बायकोनं दार उघडून धरलं तरच. ती तेवढी अजून दाराला दार म्हणून ओळखायची. यादी तिच्या हातची होती, रोज वाचायची ना.

३

आणि मग तीन आठवड्यांपूर्वीची ती दुपार. मावशी चहाला बसल्या होत्या. लगबग कपबशा घेऊन आली तसे आजोबांचे डोळे चमकले, हात कानाशी गेला, आणि ते म्हणाले, "ल... ल... ल..."

चेहरा लाल झाला. मांडीवर मूठ आपटू लागले. डोळ्यांतून पाणी आलं.

"राहू द्या बाबा, राहू द्या," ती त्यांचा हात धरून म्हणाली. ते शांत झाल्यावर ती उठली, पेन घेतलं आणि फडताळाच्या कागदावर सगळ्यात खाली आपलंच नाव लिहिलं.

"अगं वेडी का काय तू?" मावशी ओरडल्या. "मग तुला हाक कशी मारायची?"

"हाक कशाला हवी? मी समोरच तर असते." तिनं हसून पेनचं टोपण लावलं. "थोडे दिवस मावशी. तुम्हीपण इथं म्हणू नका हं. त्यांना फार लागतं."

मावशींनी मान डोलावली. त्या घरात नाही म्हणायचं म्हणता म्हणता बाहेरही जीभ अडखळायला लागली, आणि मग सवयच झाली. या तीन आठवड्यांत ते नाव आपल्या तोंडून एकदाही गेलेलं नाही, हे मावशींना आत्ता, काकांचा चहा गाळताना समजलं. गाळणं हातातच राहिलं.

"चहा पिंपात ओततेस का?" काका म्हणाले.

"गप्प बसा हो जरा!"

४

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला बोलायला शिकवणाऱ्या बाई जिना चढून वर आल्या, तेव्हा मावशी वाट बघतच बसल्या होत्या. हातातला पडदा तसाच टाकून त्यांनी बाईंना गाठलं.

"काय हो, असे शब्द बंद करून माणूस बरा होतो का कधी?"

"कसले शब्द बंद?"

मावशींनी यादीचं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. "मी असं कधी सांगेन? मी म्हटलं होतं अडलेला शब्द पुन्हा पुन्हा त्यांच्या कानावर पडू द्या, फक्त त्यांना म्हणायची बळजबरी करू नका. तरीच! मी 'आरसा' म्हणाले की मुलगा मला डोळ्यांनी दाबतो."

"आणि सून? ती काय म्हणते?"

"कोणाची सून?"

मावशींना वाटलं बाई चेष्टा करतायत. "अहो, त्यांची. लिहून घ्यायची ना ती तुमच्याकडून, वहीत?"

बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. वही काढली, चाळली. वहीत गोल, घाईघाईनं काढलेलं अक्षर होतं, पानामागून पान. बाई त्या अक्षराकडे बघत राहिल्या. "हे मीच लिहिलं असणार," त्या म्हणाल्या, पण आवाज तितका खात्रीचा नव्हता. "दोघंच असतात ना त्या घरात?"

"मग तुम्हाला दार कोण उघडतं?"

"उघडंच असतं की," बाई म्हणाल्या.

मावशींनी मागे वळून पाहिलं. समोरचं दार खरंच हातभर उघडं होतं. मघाशी नव्हतं. म्हणजे मावशींना तरी तसं आठवत होतं, आणि दाराच्या बाबतीत मावशींची आठवण सहसा चुकत नसे.

५

बाई तास संपवून गेल्यावर मावशींनी पदर खोचला आणि आत शिरल्या. चष्मेवाल्याची सुट्टी होती. तो टेबलाशी जेवत होता, वाटी तोंडाला लावून. आजोबा खिडकीपाशी. टेबलावर ताटं दोन, पण कोपऱ्यात तिसरं, पालथं घातलेलं, धुऊन निथळत ठेवलेलं.

"तुझी बायको कुठाय?"

"अं?"

"बायको, बायको! लग्न केलंस ना? जेवून गेलो होतो आम्ही!"

तो ओशाळल्यासारखा हसला. "काय मावशी तुम्ही पण..." कपाळाला आठी पडली. एखादा शब्द जिभेवर असावा आणि सापडू नये तसं त्याचं झालं. मग आठी आपोआप पुसली गेली आणि तो पुन्हा जेवायला लागला.

"हे जेवण कोणी केलं?"

"झालं की."

"झालं म्हणजे? आपोआप झालं?"

"म्हणजे... सकाळी असतंच." तो वैतागला. "तुम्ही काय चौकशी लावलीय? आधीच डोक्याला ताप आहे. घर एवढं अडचणीचं झालंय हल्ली, जाईन तिथं काहीतरी आडवं येतं. काल स्वयंपाकघरात मी कशाला तरी एवढ्या जोरात आपटलो. बघतो तर काही नाही. टेबल सरकवलं, कपाट सरकवलं, तरी तेच."

मावशींनी त्याचा दंड धरला, फडताळापाशी आणून उभा केला आणि कागदावर बोट ठेवलं. "वाच."

"मावशी, जेवतोय मी."

"दुसऱ्यांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतोस ना दिवसभर? आज तू वाच. मोठ्यानं."

त्यानं सुस्कारा सोडला. "चमचा. आरसा. दार. पायरी. रुमाल. घड्याळ." वाचताना तो प्रत्येक शब्द असा म्हणत होता जसा परक्या गावच्या माणसाचा पत्ता. "झालं."

"शेवटचं राहिलं."

"कुठं?"

"हे काय! माझं बोट आहे ना त्याच्यावर!"

त्यानं मावशींच्या बोटाकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मान वाकडी करून, डोळे बारीक करून पाहिलं. त्याचे डोळे 'घड्याळ'पाशी जायचे आणि तिथून घसरून कागदाच्या खालच्या कोऱ्या भागावर यायचे. "कोरंच आहे," तो हळू म्हणाला. मग जरा घाबरून, "कोरंच आहे ना?"

मावशींना त्याच्या एक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. कारण खिडकीपाशी बसलेल्या आजोबांकडे त्यांचं लक्ष गेलं. आजोबा त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते स्वयंपाकघराकडे बघत होते, ओट्याच्या डावीकडे, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. त्यांची नजर सावकाश सरकली, ओट्यावरून फ्रिजकडे, फ्रिजकडून पुन्हा ओट्याकडे. कोणी काम करत असलं की आपण बघतो तशी.

त्यांचे ओठ हलत होते. "ल... ल..."

ज्याचा शब्द गेला होता त्याच्याजवळ माणूस शिल्लक होतं, आणि ज्यांनी शब्द टाकून दिला त्यांच्याजवळ काही नव्हतं.

६

मावशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. ओट्यावर ओलं फडकं. कढई तापत होती, तेलाचा वास होता. कोणी नव्हतं. हाक मारायची, एवढं साधं काम. त्यांनी तोंड उघडलं.

"ल..." म्हणाल्या. आणि पुढचं आलंच नाही.

तीन आठवडे तोंडात न घेतलेला शब्द गंजल्यासारखा बसला होता. मघाशी मनात होता, आता मनातही नव्हता. त्या जागी एक नुसती भोकासारखी जागा. हे असलं काही नसतं, त्या स्वतःला बजावत होत्या, वय झालंय, बी.पी. असेल. पण पाय मात्र फडताळाकडे वळले. त्यांनी कागद ओरबाडून काढला, डोळ्यांसमोर धरला आणि वरपासून खालपर्यंत मोठमोठ्यानं वाचत सुटल्या, चमचा, आरसा, दार, पायरी, रुमाल, घड्याळ, पहिलीतल्या मुलीसारखं बोट ठेवून, आणि शेवटच्या ओळीवर बोट घट्ट रोवून एकेक अक्षर, "ल. ग. ब. ग."

"हळू मावशी! बाबा ऐकतायत!"

आवाज कानाजवळून आला. ओट्याशी एक हात होता, कढईच्या कडेवर धरलेलं फडकं, आणि कोपरापर्यंतची बाही. बाहीची कड मावशींच्याच हातची होती. बाहीच्या वर काय होतं ते मावशींना नीट दिसलं नाही. दिसत होतं, पण डोळा तिथं टिकत नव्हता, ओल्या फरशीवरून पाय सरकावा तसा सरकत होता. त्यांनी बघायचा नाद सोडला आणि मनगट धरलं. मनगट गरम होतं. नाडी लागली.

"चल. आधी बाहेर चल. मग भांडू."

"अहो, कढई आहे..."

"जळू दे कढई!"

त्या ओढत निघाल्या. चष्मेवाला टेबलाशी उभा होता, आणि त्या जवळून गेल्या तसा अंग चोरून बाजूला झाला, कोणाला वाट द्यावी तसा, आणि आपण का सरकलो ते न कळून तिथंच थांबला. चार पावलांवर बाहेरचं दार. पुढं जिना, उजेड, मावशींचं मशीन. मावशींनी एक पाय बाहेर टाकला आणि हातातलं मनगट ताणलं गेलं.

"कुठं नेताय मला?" ती म्हणाली. आवाजात खरोखरचं नवल होतं. ती रोज वाचायची तो कागद आता फडताळावर नव्हता, मावशींच्या मुठीत होता. "इथं तर भिंत आहे."

"भिंत कसली! दार आहे! दार म्हण! म्हण एकदा!"

"दा..." ती म्हणाली. मनगट थोडं सैल झालं, थोडं पुढं आलं. "दा..."

आणि त्याच वेळी आत आजोबा ओरडले. "ल! ल! ल!" मूठ खुर्चीच्या हातावर धाडधाड आपटत होती.

"नको बाबा, नको, राहू द्या," ती म्हणाली, आणि मावशींच्या बोटांमधून हात सुटला. हिसकावून घेतला नाही तिनं. हातातलं काम सोडून आपण आजारी माणसाकडे धावतो, तसा सहज सुटला. मावशी वळल्या तेव्हा खोलीत दोघंच होते. आजोबांचा आपटणारा हात हवेत थांबला होता, आणि हळूहळू शांत होत होता, कोणी तरी धरून ठेवल्यासारखा.

७

"ती समोरची घर सोडून गेली ना हो?" पार्लरवालीनं आठवड्यानं स्वतःच येऊन विचारलं. मागं मैत्रीण होतीच. "ऑफिसातून माणूस आला होता म्हणे."

"गेली हे खरं," मावशी म्हणाल्या. "बाहेर गेली हे खोटं. आता तिचं नाव घे."

"अं?"

"नाव घे तिचं. मोठ्यानं. मगच पुढं जा."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, नाव घेतलं आणि तोंड दाबून हसत खाली गेल्या. हसू देत. मावशींनी आता मशीन ठेवलं आपल्याच घरात, पण हातशिलाईचं काम घेऊन स्टूल टाकून त्या समोरच्या दारात बसतात, सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास. शिकवणाऱ्या बाईही येतात. नवीन यादी केली आहे. ती मोठ्यानं म्हणायच्या शब्दांची. चष्मेवाला दोन वेळा अंगावर धावून आला, म्हणाला माझ्या बापाला छळता. तिसऱ्या वेळी चमचा मागून घेऊन जेवला, आणि चमच्याकडे बघत रडला. का ते त्याला सांगता आलं नाही. काका म्हणतात, तुला वेड लागलंय. पण जेवण गरम करून आणून देतात, आणि ताट हातात देताना ठणकावून म्हणतात, "लगबग, बरं का. घेतलं नाव. जेव आता."

आजोबा रागावतात, रडतात, मांडीवर मूठ आपटतात. मावशी सुई थांबवत नाहीत.

"ल..."

"पुढं."

"ल... ल..."

"ते झालं हो आजोबा. कालही तिथंच होता. पुढं."

जीव मेटाकुटीला येतो. काही दिवस मावशींचीच जीभ सकाळी अडते आणि कागद बघावा लागतो. तो कागदही त्यांनी आता पोलक्याच्या आत ठेवला आहे.

आज दुपारी आजोबांनी डोळे मिटले. हात कानाशी नेला. बस स्टँडच्या गर्दीवरून आवाज पोचवायचा असावा तशी छाती भरून घेतली आणि म्हणाले, "लग..."

मावशींची सुई बोटात घुसली. त्या हलल्या नाहीत.

आत स्वयंपाकघरात नळ वाहत होता. तो कोणीतरी बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.